केएमसॅन (कर्नल मेमरी सॅनिटायझर)

लिनक्सच्या कर्नलमध्ये (ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्यात) किंमत न भरताच वापरली जाणारी मेमरी चालू अवस्थेत पकडणारी तपासणी-यंत्रणा. हद्दीबाहेरचे किंवा मोकळ्या केलेल्या जागेतले वाचन शोधण्याचे काम केसॅन या दुसऱ्या तपासणी-यंत्रणेचे. दोन्ही एकाच बिल्डमध्ये घेता येत नाहीत.

उगम : काहींच्या मते हा 2.6.31 आवृत्तीत (2009) आलेल्या केमेमचेक या जुन्या तपासणी-यंत्रणेचा पुढचा टप्पा. उद्दिष्ट एकच असले, तरी केमेमचेक प्रत्येक वाचन-लेखनावर पेज फॉल्ट (प्रोसेसरचा व्यत्यय) घडवून आणी, त्यामुळे ते अतिशय संथ चाले, 4.15 मध्ये ते काढून टाकण्यात आले. केएमसॅन कंपायलरने पेरलेल्या कोडवर चालते. तेव्हा एलएलव्हीएम या कंपायलर-संचातील एमसॅनकडे (साध्या प्रोग्रामसाठीच्या अशाच यंत्रणेकडे) त्याचे मूळ नेणे अधिक सयुक्तिक वाटते. गूगलमधील अलेक्झांडर पोटापेंको यांचे हे काम बराच काळ मुख्य शाखेबाहेर होते. डिसेंबर 2022 मधील 6.1 आवृत्तीत ते दाखल झाले.

कार्यपद्धती : मेमरीच्या प्रत्येक बाइटमागे एक छाया-बाइट असतो; छायेतला 1 म्हणजे तो बिट भरलेला नाही. दर चार बाइटांमागे चार बाइटांचा उगम-क्रमांक असतो. परिणामी 8 जीबीच्या यंत्रावर वापरायला पावणेतीन जीबीच्या आसपास उरते. न भरलेली किंमत नुसती इकडून तिकडे हलवली तर तक्रार येत नाही, छायाही सोबत सरकते. त्या किमतीवर ‘इफ’ ठरला, ती पॉइंटर म्हणून वापरली किंवा कॉपी-टू-यूझरने (कर्नलमधून यूझरच्या प्रोग्रामकडे) बाहेर गेली, की अहवाल येतो.

नेहमीचा दोष पॅडिंगचा, म्हणजे फील्डांमध्ये कंपायलरने सोडलेल्या रिकाम्या बाइटांचा. एक बाइटाचा प्रकार आणि त्यापाठोपाठ चार बाइटांचा क्रमांक असलेले स्ट्रक्चर 8 बाइटांचे होते. दोन्ही फील्ड भरली, तरी मधले तीन बाइट जुनेच राहतात. ते स्ट्रक्चर यूझरकडे गेले, की अहवालात ‘कर्नल-इन्फोलीक’ (कर्नलमधील माहितीची गळती) आणि 8 पैकी 1 ते 3 क्रमांकाचे बाइट न भरलेले, असे दिसते. उपाय : आधी मेमसेटने सगळे शून्य, मग फील्ड; हीपवर असेल तर केमॅलॉकऐवजी शून्याने भरलेली जागा देणारे केझॅलॉक.

सूट : असेंब्लीने किंवा उपकरणाने भरलेली जागा कंपायलरला दिसत नाही, म्हणून खोटी तक्रार येऊ शकते. तेवढाच बफर अनपॉइझन करावा (छायेत ‘भरलेला’ असे नोंदवावे), तोही खरोखर भरला गेल्यावर आणि भरला तितक्याच लांबीचा. सरसकट केल्यास खरा दोष झाकला जातो. फंक्शनला ‘नो-केएमसॅन-चेक्स’ लावले, तर तक्रारी थांबतात, पण लिहिलेल्या जागांची छाया ‘भरलेली’ अशी नोंदली जाते. मेकफाइलमध्ये ‘केएमसॅन-सॅनिटाइझ’ला ‘एन’ दिल्यास मात्र तपासणीचा कोडच पेरला जात नाही. छाया शिळी राहते आणि खोटी तक्रार भलत्याच फाइलमध्ये उगवते. या दोहोंत ‘नो-केएमसॅन-चेक्स’चा मार्गच बरा. मेकफाइलचा मार्ग बूटच्या सुरुवातीचा कोड, एन्ट्री कोड (कर्नलमध्ये शिरतानाचा) आणि खुद्द केएमसॅनची अंतर्गत फंक्शने यांच्यापुरता ठेवावा.

मर्यादा : क्लँग हा कंपायलर 14.0.6 किंवा पुढचा लागतो. आधी फक्त एक्स86-64 आणि नंतर एस390 (आयबीएमचे मेनफ्रेम), एवढ्या प्रोसेसरांवरच चालते. नाशिकच्या सातपूर-अंबडमधल्या एखाद्या कारखान्यासाठी आर्म बोर्डाचा ड्रायव्हर लिहिला जात असेल, तर त्याचा हार्डवेअरनिरपेक्ष भाग वेगळा काढून एक्स86 वर क्यूएमू या आभासी यंत्रात तपासावा लागतो. रजिस्टरांशी बोलणारा भाग तपासणीबाहेरच राहतो. लॅपटॉपवरच्या डिस्ट्रोची कॉन्फिग जशीच्या तशी उचलू नये. तीत ‘इनिट-ऑन-अ‍ॅलॉक’ चालू असल्यास प्रत्येक पेज आधीच शून्याने भरले जाते आणि हीपमधले दोष केएमसॅनला दिसतच नाहीत.