कार्बन डाय-ऑक्साइडचे द्रावकशोषण

कोळशावर चालणाऱ्या औष्णिक वीजकेंद्राच्या धुरातील कार्बन डाय-ऑक्साइड रासायनिक द्रावकात मुरवून घेण्याची आणि नंतर ते द्रावण तापवून वायू जवळजवळ शुद्ध स्वरूपात सोडवण्याची पद्धत. व्यवहारात ‘कार्बन कॅप्चर’ हाच शब्द रुळला आहे. शोषण म्हणजे वायू द्रवाच्या अंतरंगात मुरणे आणि अधिशोषण म्हणजे तो घनाच्या पृष्ठभागावर चिकटणे. या नोंदीत पहिलेच अभिप्रेत आहे.

उगम : पद्धतीचा आरंभ कोणत्या साली मानावा याबद्दल एकवाक्यता नाही. बहुतेक संदर्भग्रंथ १९३० साली अमेरिकेत आर. आर. बॉटम्स यांना मिळालेल्या पेटंटापासून सुरुवात करतात. अमाइन (अमोनियापासून साधलेले नायट्रोजनयुक्त कार्बनी संयुग) द्रावणाने आम्लधर्मी वायू वेगळे करण्याची कल्पना त्यात आहे. मात्र त्यामागे वायुमिश्रणांच्या शुद्धीकरणाची गरज होती, वीजकेंद्राच्या धुराची नव्हे. शिवाय सुरुवातीचा भर ट्रायएथॅनॉलअमाइनवर होता, मोनोएथॅनॉलअमाइनचा (एमईए) पगडा पुढचा. दुसऱ्या मतानुसार खरा आरंभ कॅलिफोर्नियातील ट्रोना येथे, १९७८च्या सुमारास झाला. तेथे कोळशाच्या बॉयलरमधील धुरातून वायू काढून सर्ल्स सरोवराच्या खाऱ्या पाण्यापासून सोडा ॲश (धुण्याचा सोडा) बनवण्यासाठी वापरला जाऊ लागला. तिसरे मत कॅनडातील बाउंड्री डॅम केंद्राला (२०१४) पहिलेपणाचा मान देते, कारण व्यापारी वीजनिर्मितीच्या संचावर मोठ्या प्रमाणात बसवलेली ती पहिली यंत्रणा. ट्रोनाचा दावा अधिक ग्राह्य वाटतो : धूर कोळशाचा, द्रावक एमईए, वेगळा होता तो फक्त हेतू. हवामानाच्या हेतूने हा वायू धुरातच अडवून समुद्रात खोल सोडावा असे इटालियन शास्त्रज्ञ चेझारे मार्केटी यांनी १९७७ मध्येच मांडले होते.

रसायन व कार्यपद्धती : कोळशाच्या धुरात कार्बन डाय-ऑक्साइड साधारण १२ ते १५ टक्केच असतो आणि धूर वातावरणीय दाबाला असतो. नुसत्या दाबाने वायू विरघळवणारे भौतिक द्रावक म्हणूनच येथे उपयोगाचे नाहीत. वायूशी रासायनिक गाठ मारणारा द्रावक लागतो. धूर आधी निववून, राख व गंधकाचे ऑक्साइड काढून शोषक मनोऱ्याच्या तळातून वर सोडतात. वरून ३० टक्क्यांच्या आसपास एमईए असलेले पाणी झिरपत येते. ४० ते ६० अंश सेल्सिअसला एमईएचे दोन रेणू कार्बन डाय-ऑक्साइडच्या एका रेणूला धरून कार्बामेट बनवतात. वायूने भरलेले द्रावण दुसऱ्या मनोऱ्यात १२० अंशांच्या घरात तापवले की गाठ सुटते, वायू वर निघतो आणि द्रावण पुन्हा शोषणासाठी परतते. निघालेला वायू १०० बारहून अधिक दाबाला आणून नळाने नेता येतो.

धरणे सोपे, सोडवणे महाग. पारंपरिक एमईएला टनभर वायूमागे ३.५ ते ४ गिगाजूल उष्णता लागते, म्हणजे हलक्या दाबाची सुमारे दीड टनाहून अधिक वाफ. ही वाफ टर्बाइनमधूनच काढावी लागते. दाब वाढवण्याची वीज धरता केंद्राचे उत्पादन २० ते ३० टक्के घटू शकते. तृतीयक अमाइने (ज्यांच्या नायट्रोजनला हायड्रोजन जोडलेला नसतो) कार्बामेट न बनवता बायकार्बोनेट बनवतात. त्यामुळे एक रेणू एकाच रेणूला पुरतो आणि उष्णताही कमी लागते, पण वेग मंदावतो. तो वाढवण्यासाठी पायपराझीन हे जलद शोषणारे अमाइन मिसळतात. सल्फर डाय-ऑक्साइड अमाइनशी न सुटणारे क्षार बनवतो, ऑक्सिजन अमाइनचे विघटन करतो, पोलाद गंजते. म्हणून गंधक दर दशलक्ष भागांत १०च्या खाली आणावे लागते.

प्रकल्प : टेक्सासमधील कोळसा-वीजकेंद्रावरचा पेत्रा नोव्हा २०१७ मध्ये सुरू झाला, २०२० मध्ये बंद पडला, २०२३ मध्ये पुन्हा चालू झाला. भारतात तुतिकोरीन येथील सोडा ॲश कारखाना २०१६पासून कोळशाच्या बॉयलरमधील वायू वर्षाला सुमारे ६० हजार टनांच्या क्षमतेने वापरतो. एनटीपीसीच्या विंध्याचल केंद्रातील प्रायोगिक यंत्रणा दिवसाला २० टनांची आहे. पूर्ण भाराने चालणारा ५०० मेगावॉटचा एक कोळसासंच दिवसाला साधारण ११ हजार टन वायू सोडतो, हे ताडून पाहावे.

सातारा-सांगली : सातारा जिल्ह्याची वीजनिर्मितीतील ओळख कोयनेच्या पाण्याची. धुराडी आहेत ती साखर कारखान्यांची : बॉयलर अग्निप्रदीपनानंतर गाळप संपेपर्यंत धुमसणारी. को-जनमध्ये (कारखान्यातील सहवीजनिर्मितीत) जळते ते बगॅस, म्हणजे उसाचा चोथा. त्यात गंधक अल्प असल्याने अमाइनला हा धूर कोळशापेक्षा सोसेल; पण सोडवण्याला लागणारी वाफ रस आटवण्याच्या वाफेशी स्पर्धा करील. त्याआधी आसवनीकडे पाहणे इष्ट. किण्वनात इथेनॉलच्या प्रत्येक रेणूबरोबर कार्बन डाय-ऑक्साइडचा एक रेणू सुटतो, म्हणजे एका लिटर इथेनॉलमागे सुमारे पाऊण किलो. तो मुळातच बराच शुद्ध असतो. धुऊन, सुकवून, दाबून भरता येतो, द्रावक लागत नाही.

साठवणुकीसाठी दख्खनच्या बेसाल्टाकडे (काळ्या कातळाकडे) बोट दाखवले जाते. आइसलँडमधील कार्बफिक्स प्रयोगात पाण्यात विरघळवून बेसाल्टात सोडलेल्या वायूचा ९५ टक्क्यांहून अधिक भाग दोन वर्षांच्या आत खनिजरूप झाल्याचे २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. कोयना परिसरातील तीन किलोमीटर खोल वेधनविवरात (बोअरहोलमध्ये) बेसाल्टाची जाडी सव्वा किलोमीटरच्या आसपास भरली. त्याखाली ग्रॅनाइटी खडक आहे. खडकाची साम्ये खरी, पण ११ डिसेंबर १९६७चा भूकंप (तीव्रता ६.३ ते ६.५, मोजपट्टीनुसार) बहुसंख्य अभ्यासक जलाशयाच्या भाराशी व झिरपणाऱ्या पाण्याच्या दाबाशी जोडतात. आइसलँडच्या पद्धतीत एक टन वायूबरोबर २५ टनांच्या आसपास पाणी खाली घालावे लागते.