गोवर आणि प्रतिक्षमतेची स्मृती

गोवर हा मॉर्बिलिव्हायरस प्रजातीतील एका आरएनए विषाणूमुळे होणारा, हवेतून पसरणारा तीव्र संसर्गजन्य रोग आहे. मानवी प्रतिकारयंत्रणा एखाद्या विषाणूला कशी ओळखते, त्याचा बंदोबस्त कसा करते आणि त्याची ओळख आयुष्यभर कशी जपते, हे ज्या मोजक्या रोगांच्या अभ्यासातून स्पष्ट झाले त्यांत गोवराचे स्थान वरचे आहे. मात्र हा विषाणू स्वतःविरुद्ध पक्की स्मृती निर्माण करतानाच इतर रोगांविषयीची जुनी स्मृती पुसून टाकतो, आणि प्रतिक्षमतेच्या, म्हणजे रोगाला तोंड देण्याच्या शरीराच्या क्षमतेच्या, अभ्यासकांना या रोगाचे विशेष आकर्षण वाटते ते यामुळेच.

श्वासावाटे आलेला विषाणू फुप्फुसांतील भक्षक पेशींमध्ये शिरतो. एरवी या पेशी जंतूला गिळतात, त्याचे तुकडे जवळच्या लसीका ग्रंथीत नेतात आणि तेथे टी-पेशींपुढे, म्हणजे संसर्गित पेशी ओळखून त्यांच्यावर हल्ला करणाऱ्या पांढऱ्या पेशींपुढे, मांडतात. त्यातूनच पुढची सारी लढाई सुरू होते. गोवराचा विषाणू मात्र या पेशींमधून जिवंतपणीच लसीका ग्रंथीत पोहोचतो, कारण पेशीत शिरण्यासाठी त्याला लागणारे सीडी१५० हे प्रथिन प्रतिकारयंत्रणेच्याच अनेक पेशींच्या पृष्ठभागावर असते. संसर्ग झालेल्या पेशी शेजाऱ्यांना सावध करण्यासाठी इंटरफेरॉन नावाची प्रथिने स्रवतात, पण विषाणूची काही प्रथिने हा इशाराही दाबून ठेवतात. त्यामुळे संसर्गानंतरचे सुमारे दहा दिवस रोग्याला काहीच जाणवत नाही आणि तोवर विषाणू रक्तावाटे प्लीहा, टॉन्सिल, त्वचा व श्वसनमार्गाच्या अस्तरापर्यंत पसरलेला असतो.

ताप, खोकला, वाहणारे नाक आणि लाल डोळे ही लक्षणे आधी येतात. पुरळ साधारणपणे चौदाव्या दिवसाच्या सुमारास कानांमागे व चेहऱ्यावर उठू लागते आणि मग अंगभर उतरते. हे पुरळ विषाणूने थेट केलेली इजा नसून, त्वचेतील बारीक रक्तवाहिन्यांलगतच्या संसर्गित पेशींवर टी-पेशींनी चढवलेल्या हल्ल्याची खूण आहे. गोवर ‘बाहेर पडलेला’ बरा, अशी घरोघरच्या वडीलधाऱ्यांची समजूत असते. तिच्यामागची कारणमीमांसा वेगळी असली तरी निरीक्षण अगदीच निराधार नाही. जन्मतःच प्रतिपिंडे (जंतूला चिकटून त्याला निष्प्रभ करणारी रक्तातील प्रथिने) तयार न होणारी मुले गोवरातून बहुधा नेहमीसारखी बरी होतात, परंतु टी-पेशी दुबळ्या असलेल्या रुग्णांत पुरळ न उठताच प्राणघातक न्यूमोनिया होऊ शकतो. म्हणजे चालू संसर्ग आटोक्यात आणण्याचा मुख्य भार टी-पेशींवर असतो. पुन्हा होणारा संसर्ग दारातच अडवण्याचे काम मात्र प्रतिपिंडांचे.

ही अडवणूक किती काळ टिकते, याचा उत्तम पुरावा उत्तर अटलांटिकमधील डेन्मार्कच्या फेरो बेटांवर मिळाला. १८४६ मध्ये तेथे गोवराची साथ आली, तेव्हा डेन्मार्कच्या सरकारने पेटर पानुम या तरुण डॉक्टरला तपासासाठी पाठवले. बेटांवरच्या ७,७८२ रहिवाशांपैकी सुमारे ६,००० जणांना गोवर झाला. आधीची साथ १७८१ मधली, म्हणजे ६५ वर्षांपूर्वीची होती. त्या साथीत गोवर होऊन गेलेल्या वृद्धांपैकी एकालाही तो पुन्हा झाला नाही, असे पानुमने नोंदवले, तर तेव्हा गोवर न झालेले वृद्ध या खेपेस आजारी पडले. मधल्या काळात विषाणूशी संबंधच न आल्यामुळे, ही प्रतिक्षमता वारंवारच्या संपर्काने ताजी होत राहिली असे म्हणायला जागा उरली नाही. अस्थिमज्जेत दीर्घकाळ जगणाऱ्या प्रतिपिंडजनक पेशी आणि जुन्या जंतूची ओळख जपणाऱ्या स्मृतिपेशी यांमुळे ती टिकते, हे पुढे उमगले. विषाणूचाही यात वाटा आहे: पेशीला चिकटण्यासाठी तो जे प्रथिन वापरतो, त्यात फारसा बदल झाला तर चिकटणेच जमत नाही, त्यामुळे इन्फ्लुएन्झाच्या विषाणूसारखे रूप पालटून जुन्या प्रतिपिंडांना चकवणे त्याला साधत नाही.

गोवर इतर रोगांविषयीची स्मृती पुसतो, या स्मृतिभ्रंशाची पहिली चाहूल १९०८ मध्ये लागली. क्षयाचा संसर्ग झालेल्या मुलांच्या त्वचेवर ट्युबरक्युलिन चाचणीत (क्षयाचा संसर्ग ओळखण्याच्या चाचणीत) उठणारी प्रतिक्रिया गोवराच्या काळात नाहीशी होते, असे ऑस्ट्रियन बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांना आढळले. त्याचे कारण समजायला शतक जावे लागले. स्मृतिपेशींवरही सीडी१५० असल्यामुळे विषाणू त्यांत शिरतो आणि त्या मोठ्या प्रमाणावर नष्ट होतात. रक्तातील पांढऱ्या पेशींची संख्या काही आठवड्यांत पूर्ववत होते, पण नव्याने भरलेल्या पेशींत गोवर ओळखणाऱ्याच पुष्कळ असतात. नेदरलँड्समधील लस न घेतलेल्या ७७ मुलांच्या २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, गोवरानंतर इतर जंतूंविरुद्धच्या प्रतिपिंडांच्या साठ्यात ११ ते ७३ टक्के घट दिसली. ही स्मृती त्या त्या जंतूंशी पुन्हा गाठ पडल्यावर किंवा लसीकरणानेच परत मिळते. गोवरात दगावणारी बहुतेक मुले न्यूमोनिया, अतिसार यांसारख्या गुंतागुंतींनी दगावतात. ‘अ’ जीवनसत्त्वाची कमतरता असलेल्या मुलांत हा धोका वाढतो, म्हणून उपचारात त्याच्या मात्रा लागोपाठ दोन दिवस देतात.

लसीतील क्षीण केलेला विषाणू गोवराची स्मृती देतो, पण अशी हानी करत नाही. पहिली लस अमेरिकेत १९६३ मध्ये वापरात आली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची लस एडमनस्टन-झाग्रेब या वाणापासून बनते. भारतात गोवर-रुबेला लसीची पहिली मात्रा ९ ते १२ महिन्यांच्या आणि दुसरी १६ ते २४ महिन्यांच्या वयात दिली जाते. हे वय आईकडून नाळेवाटे मिळालेल्या प्रतिपिंडांवरून ठरले आहे: ती शिल्लक असताना लसीतील विषाणू निष्प्रभ होतो, आणि ती ओसरल्यावर उशीर केला तर बाळ उघडे पडते. एक रोगी बिनलसीच्या समाजात १२ ते १८ जणांना बाधित करू शकत असल्याने साथ रोखण्यासाठी सुमारे ९५ टक्के लोक प्रतिक्षम असावे लागतात. २०२२ च्या अखेरीस मुंबईत, विशेषतः गोवंडी परिसरात गोवराची साथ पसरली, तेव्हा नऊ महिन्यांखालील बाळांतही रुग्ण आढळत असलेल्या भागांत सहाव्या महिन्यापासूनच एक मात्रा द्यावी, असा सल्ला केंद्र सरकारने दिला. इतक्या लहान वयात आईची प्रतिपिंडे आड येत असल्यामुळे ही मात्रा नियमित लसीकरणात धरली जात नाही आणि पुढच्या दोन्ही मात्रा ठरल्या वयात द्याव्याच लागतात.