धूर ओळखणारे यंत्र आणि त्याच्या तारा: बेळगाव सीमाभागासाठी एक पार्श्वभूमी

बेळगावच्या टिळकवाडी, हिंदवाडी किंवा अनगोळ भागात नव्याने उभ्या राहिलेल्या बहुमजली इमारतीत, इस्पितळात किंवा मंगल कार्यालयात छताकडे पाहिले, तर ठरावीक अंतरावर बसवलेली पांढरी, गोल, वाटीएवढी यंत्रे दिसतात. हे स्मोक डिटेक्टर, म्हणजे धूर ओळखणारे संवेदक, या भागात तुलनेने अलीकडे आले. शहापूर, वडगाव किंवा गणपत गल्लीच्या परिसरातील जुनी घरे मंगळुरी कौलांची होती; चुलीचा धूर माळ्यावरून वर चढून कौलांच्या फटींतून निघून जाई आणि आग लागलीच, तर धूर गल्लीला आधी दिसे. स्लॅब, फॉल्स सीलिंग, काचेची तावदाने आणि वातानुकूलित खोल्या आल्यावर ही वाट बंद झाली. अशा बंद जागेत धूर साठतो, आणि आगीत दगावणाऱ्यांपैकी बहुतेकांचा जीव ज्वाळांपेक्षा धुराने व त्यातील कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूने जातो. म्हणून हे यंत्र कोठे बसवावे, त्याच्या तारा कशा ओढाव्यात आणि ते चालू आहे हे कसे पडताळावे, याचे नियम कोणत्या अनुभवातून आले, हे बसवणाऱ्यालाही आणि त्या इमारतीत राहणाऱ्यालाही ठाऊक असले पाहिजे.

आगीची वर्दी विजेच्या तारेवरून देण्याची कल्पना धूर ओळखण्याच्या कल्पनेपेक्षा पुष्कळ जुनी आहे. १८५२ साली अमेरिकेतील बॉस्टन शहरात विल्यम चॅनिंग आणि मोझेस फार्मर यांनी तारायंत्राच्या धर्तीवर रस्तोरस्ती पेट्या बसवल्या. पेटीतील मूठ फिरवली की वर्दी कोणत्या पेटीकडून आली हे मध्यवर्ती कचेरीत कळत असे. मात्र मूठ फिरवायला कोणीतरी माणूस जागे असावे लागे. माणसावाचून इशारा देणाऱ्या विद्युत यंत्राचे पेटंट १८९० मध्ये एडिसनचे सहकारी फ्रान्सिस अप्टन आणि त्यांचे भागीदार फर्नांडो डिबल यांनी घेतले, आणि १९०२ मध्ये इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे जॉर्ज डार्बी यांनी उष्णता ओळखणाऱ्या यंत्राचे पेटंट मिळवले. ही सारी यंत्रे उष्णतेवर चालत, आणि छतापाशी पुरेशी उष्णता पोहोचेपर्यंत खाली झोपलेल्या माणसाला गुदमरायला लागणारा वेळ केव्हाच निघून गेलेला असे.

धूर ओळखण्याचा शोध मात्र दुसऱ्याच हेतूने चाललेल्या प्रयोगात लागला. १९३० च्या दशकाच्या अखेरीस स्विस शास्त्रज्ञ वॉल्टर येगर विषारी वायू ओळखणारे उपकरण बनवण्याच्या प्रयत्नात होते. वायू आत गेला की हवेतील विद्युतभारित कणांमुळे वाहणारा प्रवाह बदलेल, अशी त्यांची अपेक्षा होती. ती फळाला आली नाही. पण त्यांनी सिगारेट पेटवल्यावर मीटरचा काटा हलला, असे सांगितले जाते. धुराचे कण त्या विद्युतभारित कणांना चिकटून प्रवाह कमी करतात, हे यातून उघड झाले. हा बदल इतका सूक्ष्म होता की त्यावर घंटा वाजवणे शक्य नव्हते. ती अडचण एर्न्स्ट मेली या दुसऱ्या स्विस शास्त्रज्ञाने शीत-कॅथोड नळी, म्हणजे तो क्षीण बदल वाढवून दाखवणारी नळी, वापरून सोडवली, आणि त्यातून आयनीकरण पद्धतीचा डिटेक्टर व्यवहारात आला. पुढे त्यात अमेरिसियम-२४१ हा किरणोत्सारी पदार्थ अत्यल्प प्रमाणात वापरला जाऊ लागला. १९६५ मध्ये अमेरिकेत ड्युएन पिअरसॉल आणि स्टॅन्ली पीटरसन यांनी घरात लावण्याजोगा, बॅटरीवर चालणारा डिटेक्टर तयार केला आणि १९७० च्या दशकात तो घरोघरी गेला.

दुसरी पद्धत प्रकाशाची. अंधाऱ्या खोलीत कौलातल्या काचेतून उन्हाची तिरीप आली की हवेतील धूळ चमकते. जॉन टिंडल यांनी एकोणिसाव्या शतकात अभ्यासलेला प्रकाशाच्या विखुरण्याचा हाच गुणधर्म आजच्या ऑप्टिकल डिटेक्टरच्या गाभ्यात आहे. काळ्या, वळणावळणाच्या कप्प्यात एक अवरक्त दिवा आणि त्याच्या समोर नसलेला, कोनात ठेवलेला एक प्रकाशग्राही असतो. हवा स्वच्छ असताना दिव्याचा प्रकाश त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. धूर शिरला की कणांवरून विखुरलेला प्रकाश पोहोचतो आणि इशारा होतो. भडकलेल्या आगीच्या बारीक कणांना आयनीकरणाचा डिटेक्टर लवकर प्रतिसाद देतो, तर गादी, कापूस किंवा वायरचे आवरण धुमसताना निघणाऱ्या मोठ्या कणांना ऑप्टिकल डिटेक्टर आधी पकडतो. आपल्याकडे विजेच्या दोषाने धुमसत सुरू होणाऱ्या आगी नित्याच्या असल्यामुळे, आणि किरणोत्सारी पदार्थाचे डिटेक्टर अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियंत्रणाखाली येत असल्यामुळे, ऑप्टिकल पद्धत रुळली हे योग्यच झाले.

डिटेक्टर कोठे बसवावा याचे ज्ञान प्रत्यक्ष घरे पेटवून मिळवलेले आहे. १९७० च्या दशकाच्या मध्यात अमेरिकेतील इंडियाना ड्यून्स येथे पाडायला काढलेल्या घरांत मुद्दाम आगी लावून डिटेक्टरांच्या वेळा मोजल्या गेल्या, आणि प्रत्येक मजल्यावर डिटेक्टर असल्यास बाहेर पडायला किती अवधी मिळतो हे त्यातून कळले. ब्रिटिश पद्धतीनुसार सपाट छताखाली कोणत्याही बिंदूपासून जवळचा स्मोक डिटेक्टर ७.५ मीटरच्या आत हवा. उष्णतेच्या डिटेक्टरसाठी हेच अंतर ५.३ मीटर आहे. डिटेक्टर भिंतीपासून किमान अर्धा मीटर दूर असावा आणि एसीच्या झोतापासून सुमारे एक मीटर लांब असावा, कारण झोत धुराला यंत्राजवळ फिरकू देत नाही. छतातून खाली उतरलेली खोल तुळई धुराला भिंतीसारखी अडवते, म्हणून तिच्या दोन्ही बाजूंचा विचार स्वतंत्र करावा लागतो. उतरत्या छपराखाली धूर आढ्याकडे जातो. त्यामुळे खानापूर किंवा निपाणीकडील जुन्या वखारीला डिटेक्टर लावताना तो आढ्याजवळ हवा, शिडी सहज पोहोचते त्या उंचीवर नव्हे.

भारतात या साऱ्याला संहितेचे रूप आयएस २१८९ या मानकाने दिले. ते प्रथम १९६२ मध्ये प्रसिद्ध झाले व पुढे वेळोवेळी सुधारले गेले. स्मोक डिटेक्टरच्या यंत्रासाठी आयएस ११३६० आणि उष्णतेच्या डिटेक्टरसाठी आयएस २१७५ ही स्वतंत्र मानके आहेत. राष्ट्रीय इमारत संहिता १९७० मध्ये आली, तिची सध्याची आवृत्ती २०१६ ची आहे आणि तिचा चौथा भाग आग व जीवितसुरक्षेचा आहे.

आता तारांकडे वळू, कारण या विषयाचे खरे मर्म तेथे आहे आणि सर्वांत जास्त हयगयही तेथेच होते. घरातला दिवा लागला नाही तर वायर तुटल्याचे लगेच कळते. आगीच्या इशाऱ्याची तार मात्र वर्षानुवर्षे काहीच करत नाही, त्यामुळे ती तुटली तरी कोणाला कळणार नाही. तारायंत्राच्या काळातच यावर उपाय निघाला होता: तारेतून सतत थोडा प्रवाह चालू ठेवायचा, म्हणजे तो थांबला की तार तुटल्याचे समजते. आजच्या साध्या, म्हणजे कन्व्हेन्शनल पॅनेलमध्ये (सर्व तारा येऊन मिळतात त्या नियंत्रण पेटीत) हेच तत्त्व चालते. २४ व्होल्टची दोन तारांची लाइन एका झोनमधील, म्हणजे इमारतीच्या एका ठरवलेल्या भागातील, सर्व डिटेक्टरांमधून क्रमाने जाते आणि अगदी शेवटच्या डिटेक्टरपाशी एक रेझिस्टर, म्हणजे प्रवाहाला ठरावीक अडथळा करणारा छोटा भाग, जोडलेला असतो. त्यातून वाहणारा क्षीण प्रवाह पॅनेल सतत पाहत असते. प्रवाह शून्य झाला तर तार तुटली. एखाद्या डिटेक्टरने धूर पाहून ठरावीक मर्यादेपर्यंत जास्त प्रवाह ओढला तर आग. आणि तारा एकमेकींना थेट चिकटल्या तर तो वेगळा दोष.

या एका रेझिस्टरवरून वायरिंगचे बहुतेक नियम आपोआप निघतात. मध्येच फाटा काढून एखादा डिटेक्टर जोडला, तर त्या फाट्यावरची तार तुटली तरी मुख्य लाइनचा प्रवाह चालूच राहतो आणि पॅनेलला काही कळत नाही. म्हणून कन्व्हेन्शनल लाइनला फाटे चालत नाहीत. त्याच कारणाने येणारी आणि जाणारी तार बेसच्या (छतावरील ज्या बैठकीत डिटेक्टर अडकवतात तिच्या) स्क्रूपाशी कापून स्वतंत्र बसवायची असते. तार न कापता, नुसती सोलून स्क्रूभोवती गुंडाळून पुढे नेली, तर स्क्रू ढिला पडून डिटेक्टर सुटला तरी लाइन अखंड दिसते. रेझिस्टर शेवटच्या बेसमध्येच हवा. तो सोयीसाठी पॅनेलच्या डब्यात बसवला, तर पॅनेल फक्त स्वतःच्या डब्यातील दोन इंच तारेची राखण करते आणि बाहेरच्या तीन मजल्यांची तार बेवारस राहते. पॅनेलवर हिरवा दिवा तेव्हाही दिसतो. हे करणारा कारागीर बहुधा लबाड नसतो, त्याला कारण कोणी सांगितलेले नसते. वीस वर्षे दिव्या-पंख्याचे फिटिंग केलेल्या हाताला समांतर फाटा काढणे हीच शहाणी रीत वाटते.

अॅड्रेसेबल, म्हणजे प्रत्येक यंत्र वेगळे ओळखणारे, पॅनेल आल्यावर प्रत्येक डिटेक्टरला स्वतःचा क्रमांक मिळाला, तार पॅनेलपासून निघून पुन्हा पॅनेलवरच परतू लागली (हाच लूप), आणि मध्ये आयसोलेटर, म्हणजे दोष असलेला तुकडा वेगळा काढणारे भाग, बसवल्यामुळे एका जागचा शॉर्ट सर्किट संपूर्ण लूप बंद पाडेनासा झाला. डिटेक्टरच्या कप्प्यात धूळ हळूहळू साचत असेल, तर तिचा हिशेब धरून इशाऱ्याची पातळी सरकवण्याची सोयही याच काळात आली.

बेळगाव भागाला या सोयीची गरज इतर अनेक ठिकाणांपेक्षा अधिक आहे. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंचीवर आणि घाटमाथ्याच्या जवळ असल्याने पावसाळ्याचे चार महिने हवा ओलसर असते, धुके उघड्या जिन्यांत शिरते आणि चिलटे दिव्याभोवती जमतात. ही तिन्ही ऑप्टिकल कप्प्यात गेली की धुरासारखीच वागतात. उद्यमबाग आणि मच्छे येथील फौंड्रींत भट्टीचा धूर व साच्यांच्या वाळूची धूळ असते, वडगाव-खासबागच्या यंत्रमागांवर सुताचे बारीक तंतू उडत असतात, निपाणीच्या वखारींत तंबाखूची भुकटी असते. कुंदा आटवणाऱ्या मिठाईवाल्याच्या भट्टीघरात दिवसभर वाफ असते. अशा जागी केवळ नकाशावर चौकोन भरायचा म्हणून स्मोक डिटेक्टर लावला, की तो आठवड्यातून दोनदा खोटा इशारा देतो, आणि मग वैतागलेला व्यवस्थापक हूटर, म्हणजे इशाऱ्याचा भोंगा, बंद करतो किंवा डिटेक्टरवर प्लास्टिकची टोपी चढवतो. दोष त्या व्यवस्थापकाचा कमी आणि निवड करणाऱ्याचा अधिक आहे. भट्टीघर, स्वयंपाकघर आणि फौंड्रीच्या शेडसाठी उष्णतेचा डिटेक्टर आहे, आणि तापमान किती वेगाने वाढते यावर चालणारा प्रकार भट्टीजवळ टाळून ठरावीक तापमानाचा घेता येतो. यंत्रमागाच्या जागी नियमित साफसफाई हाच नियम असावा लागतो. बांधकाम चालू असताना डिटेक्टरवरचे धुळीचे झाकण काढू नये आणि काम संपल्यावर ते काढायला विसरू नये, ही साधी गोष्टही तितकीच महत्त्वाची आहे.

चाचणीचा इतिहास बसवणीच्या इतिहासाइतका चांगला जतन झालेला नाही, आणि व्यवहारातही ती सर्वांत आधी गळते. पुष्कळ डिटेक्टरांना चुंबक लावला की ते इशारा देतात. त्यातून आतले सर्किट आणि तार ठीक असल्याचे सिद्ध होते, पण धूर कप्प्यात शिरतो की नाही हे कळत नाही. जाळी रंगाने बुजलेला डिटेक्टरही चुंबकाला प्रतिसाद देतो. म्हणून काठीच्या टोकावरील कपातून चाचणीचा एरोसोल, म्हणजे धुरासारखा फवारा, सोडून पाहणे हीच खरी परीक्षा होय. उदबत्ती किंवा जळता कागद खाली धरण्याची रूढ पद्धत टाळावी, कारण चिकट काजळी कप्प्यात बसून पुढचे खोटे इशारे तीच घडवते. तारांची चाचणी वेगळी: मेगर या उच्च दाबाच्या मापकयंत्राने तारांचे इन्सुलेशन तपासायचे ते डिटेक्टर आणि पॅनेल जोडण्यापूर्वीच, नाहीतर ५०० व्होल्टचा दाब त्यांची इलेक्ट्रॉनिक्स निकामी करतो. त्यानंतर प्रत्येक झोनमधील एक डिटेक्टर बेसमधून काढून पॅनेलवर दोष दिसतो का, शेवटचा रेझिस्टर सोडवल्यावर दिसतो का, आणि वीज गेल्यावर बॅटरीवर हूटर पूर्ण आवाजात वाजतो का, हे पाहायचे. आपल्याकडे वीज जाण्याचे प्रसंग पाहता शेवटची बाब दुय्यम मानता येणार नाही.

कायद्याचा भाग या सीमाभागात थोडा गुंतागुंतीचा आहे. कर्नाटकात १९६४ चा अग्निशमन दलाचा कायदा आहे. २३ फेब्रुवारी २०१० रोजी बेंगळूरच्या कार्लटन टॉवर्समध्ये विजेच्या डक्टमध्ये लागलेल्या आगीचा धूर मजल्यांवर पसरून नऊ जणांचा बळी गेला, आणि त्यानंतर राज्यात उंच इमारतींच्या तपासणीचा प्रश्न ऐरणीवर आला. महाराष्ट्रात २००६ चा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना कायदा आहे. त्यानुसार परवानाधारक एजन्सीकडून यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारीत व जुलैत असे दोनदा द्यावे लागते. तरीही ९ जानेवारी २०२१ रोजी भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षात आग लागून दहा बालके दगावली. बेळगावहून अगदी जवळच, हद्द ओलांडताच चंदगड तालुक्यातील शिनोळीचे औद्योगिक क्षेत्र लागते. सकाळी उद्यमबागेत आणि दुपारी शिनोळीत काम करणाऱ्या एकाच कंत्राटदाराला दोन राज्यांची वेगवेगळी कागदपत्रे भरावी लागतात, पण आयएस २१८९ दोन्हीकडे तेच लागू पडते. पॅनेलवरील झोनची नावे मात्र दोन्हीकडे बहुधा केवळ इंग्रजीत असतात, आणि रात्री दोन वाजता त्यांच्यासमोर उभा असतो तो मराठी किंवा कन्नड वाचणारा पहारेकरी. पॅनेलशेजारी दोन्ही भाषांत झोनचा नकाशा लावणे आणि त्याच पहारेकऱ्याकडून दर महिन्याला एक तरी डिटेक्टर वाजवून घेणे, या दोन गोष्टींना कोणत्याही राज्याच्या परवानगीची गरज नाही.