सोलापूरच्या कोरड्या हवेतही गॅसचं ग्रिल का गंजतं?

हवेतली आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या खाली असली की स्वच्छ लोखंड फार सावकाश गंजतं. सोलापुरात तर एप्रिल-मेच्या दुपारी पारा ४० अंशांच्या वर असतो आणि हवेत ओलावा नावालाच उरतो. तरी गच्चीवरचं किंवा ढाब्यामागचं ग्रिल काही वर्षांत तळातून पोखरलं जातं. दोष पावसाळ्याला दिला जातो, पण गंजाला लागणारं पाणी आणि मीठ दोन्ही स्वयंपाकातूनच येतात.

आधी पाण्याचं पाहू. एलपीजी म्हणजे मुख्यतः प्रोपेन आणि ब्युटेन. १ किलो गॅस जळला की दीड किलोहून थोडं जास्त पाणी वाफ होऊन बाहेर पडतं. १९ किलोच्या व्यावसायिक सिलिंडरातून अशी जवळपास ३० लिटर पाण्याची वाफ निघते. बहुतेक वाफ उडून जाते. पण ग्रिल पेटवल्यावर पहिली काही मिनिटं लोखंड गार असतं. तेव्हा झाकणाला आतून घाम फुटतो आणि ते थेंब तळाच्या पत्र्यावर ओघळतात.

तिथे मीठ आधीच पडलेलं असतं. पनीर किंवा चिकनला लावलेल्या दही, लिंबू, मीठ, तिखटाच्या मसाल्याचे ओघळ तळाशी आणि सळ्यांच्या सांध्यांत साचतात. खारट पाण्यातून वीज सहज वाहते. त्यामुळे पत्र्यावर एका जागी लोखंड इलेक्ट्रॉन सोडून विरघळतं, दुसऱ्या जागी हवेतला ऑक्सिजन ते इलेक्ट्रॉन घेतो, आणि पत्र्याचीच बारीकशी बॅटरी होते. तयार झालेला गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, म्हणून त्याचे पापुद्रे सुटतात आणि खालचं लोखंड पुन्हा उघडं पडतं.

‘मोठ्या आचेवर दहा मिनिटं जाळलं की ग्रिल साफ’ हा समज इथेच फसतो. आचेने मसाला जळतो, मीठ नाही. ते वितळायलाच ८०० अंशांची उष्णता लागते. राखेत दडलेलं मीठ पहिल्या दमट रात्री ओलावा ओढून घेतं. म्हणून जाळल्यानंतर जाळी कोमट झाली की ओल्या फडक्याने पुसणं, हे सगळ्यात मोलाचं काम आहे.

दुरुस्तीआधी रेग्युलेटर काढा आणि ग्रिल पूर्ण गार होऊ द्या. मग गंजलेल्या जागी स्क्रू ड्रायव्हरचं टोक दाबून पाहा. टोक आत गेलं तर तो पत्रा बदलायचाच. बर्नरची छिद्रं गंजून एकमेकांना मिळाली असतील तर बर्नरही बदला. त्याला वेल्डिंगचं ठिगळ लावू नका, कारण ज्योत एका बाजूला भडकते. व्हॉल्व्ह, जेट (बर्नरमध्ये गॅस सोडणारं बारीक छिद्राचं तोंड) आणि रबरी नळी यांची घरगुती दुरुस्ती अजिबात नको.

बिडाची जाळी मात्र हमखास वाचते. आधी साबणाने चरबी काढा, नाहीतर आम्ल लोखंडापर्यंत पोचतच नाही. मग १ लिटर कोमट पाण्यात ५० ग्रॅम सायट्रिक ॲसिड, म्हणजे किराणा दुकानातलं लिंबूफूल, विरघळवून जाळी बुडवा. दर अर्ध्या तासाने काढून घासा. एक-दोन तास पुरतात. रात्रभर ठेवली तर आम्ल चांगलं लोखंडही खाऊ लागतं. बाथरूमचं ॲसिड वापरू नका, त्यातला क्लोराइड मागे राहून गंज पुन्हा बोलावतो. नंतर १ लिटर पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून जाळी धुवा. शेवटचं धुणं बोअरच्या खारट पाण्याने नको, प्यायच्या फिल्टरच्या पाण्याने करा.

सगळ्यात जास्त चुका यानंतर होतात. नुकतंच उघडं पडलेलं ओलं लोखंड काही मिनिटांत नारिंगी होतं. म्हणून लगेच फडक्याने पुसून जाळी तापवा, आणि ती गरम असतानाच घाण्याचं करडईचं तेल लावा. आपल्याकडे रब्बी ज्वारीच्या रानात करडईचे पट्टे घ्यायची जुनी पद्धत आहे. या तेलात लिनोलिक आम्ल भरपूर असतं. तापल्यावर त्याचे रेणू एकमेकांत गुंतून कडक थर धरतात. शेंगदाण्याचं तेलही चालतं, पण त्याचा थर मऊ राहतो. तेल लावून कोरड्या फडक्याने जवळजवळ सगळं पुसून काढा. जाड राहिलं तर चिकट डिंक होतो. झाकण लावून २०० ते २३० अंशांवर तासभर ठेवा, गार करा, आणि असं तीनदा करा. धूर होईल, तेव्हा हे काम उघड्यावरच करा.

बाहेरच्या पत्र्याला ८० आणि मग १२० नंबरचा पॉलिश पेपर मारा. त्यावर ६०० अंश सोसणारा उष्णतारोधक रंग द्या, साधा ऑइल पेंट जळून सुटतो. जाळीला किंवा आतल्या भागाला कुठलाच रंग लावू नका. ठिगळाला जस्ताचा मुलामा असलेला पत्राही नको. थेट आचेवर जस्त जळतं आणि तो धूर घेतला की ताप येतो. स्टीलच्या भागांना लोखंडी तारेचा काथ्या नको, त्याचे कण तिथेच गंजतात.

जोडणी झाल्यावर प्रत्येक सांध्यावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे पाहा. गॅस हवेपेक्षा जड असतो आणि कठड्याने बंद असलेल्या गच्चीवर खालीच साचतो. पेटवल्यावर ज्योत निळी हवी. पिवळी असेल तर बर्नरच्या नळीत गंजाचे पापुद्रे किंवा कोळ्याचं जाळं अडकलेलं असू शकतं. नळी काढून लांब ब्रशने साफ करा. जेटच्या छिद्रात मात्र सुई घालू नका, ते मोठं झालं तर गॅस जास्त येतो आणि पूर्ण जळत नाही.

प्लॅस्टिकचं कव्हर ग्रिल पूर्ण गार झाल्यावरच घाला, आणि खालून चार बोटं उघडं ठेवा.