होमगार्ड आणि टेरिटोरियल आर्मी: दोघेही स्वयंसेवक, पण हुकूम कुणाचा?

मे २०२५ च्या पहिल्या आठवड्यात दोन गोष्टी पाठोपाठ घडल्या. ६ मे तारखेच्या आदेशाने केंद्राने लष्करप्रमुखांना टेरिटोरियल आर्मीची (टीएची) माणसे सेवेत बोलावण्याचा अधिकार दिला. दुसऱ्याच दिवशी देशभर नागरी संरक्षणाची रंगीत तालीम झाली, आणि तिच्यात होमगार्डही होते. बातम्यांची सरमिसळ व्हायला आणखी काय लागते? आमच्या गोव्यातल्या डिचोलीत कुणी सांगितले, ‘आता होमगार्डांना सीमेवर धाडणार.’ भाच्याने विचारले, ‘मामा, टीए म्हणजे होमगार्डच ना, जरा वरच्या दर्जाचा?’

दर्जाचा प्रश्नच नाही. दोघांचे खाते वेगळे, कायदा वेगळा. होमगार्ड गृहखात्याच्या कक्षेत येतो आणि पोलिसांच्या हाताखाली काम करतो. टीए संरक्षण खात्याची, म्हणजे लष्कराचाच एक भाग. साधे माणूस आपला रोजचा धंदा सांभाळून वर्दी चढवते, एवढेच काय ते दोघांत सारखे.

घोटाळ्याचे मूळ इंग्लंडात आहे. मे १९४० मध्ये जर्मन सैन्य फ्रान्समध्ये घुसले तेव्हा ब्रिटिश युद्धमंत्री अँथनी ईडन यांनी रेडिओवरून लोकांना हाक दिली, आणि दुकानदार, कारकून, पेन्शनर गावोगाव नावे नोंदवायला धावले. काही आठवड्यांत चर्चिल यांनी त्या दलाला ‘होम गार्ड’ हे नाव दिले. ते मात्र लष्करी दल होते. जर्मन उतरलेच तर त्यांच्याशी लढायला उभे केलेले. आपल्याकडे नाव तेच आले, काम निराळे. डिसेंबर १९४६ मध्ये मुंबई प्रांतात मोरारजी देसाई गृहमंत्री असताना होमगार्ड उभे राहिले ते शहरातले दंगेधोपे आवरायला पोलिसांना हात द्यावा म्हणून. ६ डिसेंबर हा त्यांचा स्थापना दिवस आजही पाळतात. १९६२ च्या चिनी आक्रमणानंतर केंद्राने राज्यांना सांगितले की आपापली स्वयंसेवी दले एकत्र करून सगळीकडे एकच होमगार्ड संघटना करा.

तेव्हा गोव्याचे काय चालले होते? १९४६ च्याच जूनमध्ये, १८ तारखेला, लोहियांची मडगावची सभा झाली होती, आणि इथे राज्य पोर्तुगीजांचे. मुंबईचे होमगार्ड नाहीत की दिल्लीची टीए नाही; दोन्ही आमच्याकडे आले ते १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाल्यानंतरच. त्याआधी हत्यार उचलणारा गोमंतकीय नागरिक होता तो आझाद गोमंतक दलासारख्या संघटनेत. जुलै-ऑगस्ट १९५४ मध्ये दादरा आणि नगर हवेली सोडवणाऱ्यांत हे दल होते. त्या पोरांच्या पाठीशी ना कायदा, ना भत्ता, ना कमांडिंग ऑफिसर. नागरिक-सैनिक म्हणायचे तर त्यांनाच आधी म्हणावे लागेल, पण सरकारी व्याख्येत ते कुठेच बसत नाहीत.

टीएचा वंश जुना आहे. पहिल्या महायुद्धात, १९१७ मध्ये, इंडियन डिफेन्स फोर्स निघाली. १९२० मध्ये इंग्रजांनी तिचे दोन भाग केले: युरोपियन आणि अँग्लो-इंडियनांसाठी ऑक्झिलरी फोर्स, हिंदी लोकांसाठी टेरिटोरियल फोर्स. पंगत एक, पण पाने वेगळी मांडलेली. स्वातंत्र्यानंतर १९४८ चा टेरिटोरियल आर्मी कायदा झाला आणि ९ ऑक्टोबर १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजाजींच्या (राजगोपालाचारींच्या) हस्ते नव्या दलाचे उद्घाटन झाले. १९६२, १९६५, १९७१ या तिन्ही युद्धांत टीएची माणसे होती, श्रीलंकेतही गेली. मे २०२५ च्या आदेशात एकूण ३२ इन्फंट्री बटालियनपैकी १४ बोलावण्याची मुभा होती. त्यात होमगार्डाचा संबंध शून्य.

आता म्हापशाचा शुक्रवारचा बाजार डोळ्यासमोर आणा. कदंबा बस वळते आहे, मध्येच खासगी मिनीबस घुसली आहे, चवळीची भाजी आणि सुक्या सुंगटांच्या पाट्या रस्त्यापर्यंत आल्या आहेत, आणि या सगळ्यात खाकीतली एक बाई शिटी फुंकत हात दाखवते आहे. दहातले नऊ जण तिला पोलीस समजतात. ती होमगार्ड आहे. मुंबईच्या १९४७ च्या होमगार्ड कायद्यात म्हटले आहे की कामावर बोलावलेल्या होमगार्डाला पोलिसासारखेच अधिकार आणि संरक्षण असते. ड्यूटी संपली की ती साधी नागरिक, तुमच्याआमच्यासारखी. तडजोडीचा, म्हणजे कोर्टात न जाता जागच्या जागी भरायचा, दंड वसूल करायला मात्र ठरावीक दर्जाचा पोलीस अधिकारीच लागतो, त्यामुळे तिच्याशी हुज्जत घालण्यात काही मतलब नाही.

टीएच्या जवानाचे तसे नाही. तो बोलावला गेला, पलटणीत दाखल झाला की त्याला १९५० चा आर्मी अॅक्ट लागू होतो. रजेशिवाय गैरहजर राहिला तर कोर्ट मार्शलपर्यंत गोष्ट जाऊ शकते. वर्दी लष्कराची, बिल्ला रेजिमेंटचा. कोल्हापूरची १०९ इन्फंट्री बटालियन टीए घ्या: ती मराठा लाइट इन्फंट्रीची आहे, म्हणजे शिवाजी महाराजांचा तोच जयघोष.

दोघांची हद्द काही ठिकाणी एकमेकांत शिरते. कायद्याने टीएला मुलकी प्रशासनाच्या मदतीलाही बोलावता येते. उलट पंजाब, राजस्थान, गुजरात, बंगाल अशा सीमेवरच्या राज्यांत होमगार्डांची ‘बॉर्डर विंग’ आहे, आणि ती सीमा सुरक्षा दलाला साथ देते. डिचोलीतल्या त्या अफवेला कणभर आधार असेल तर तो इथला. गोव्याच्या होमगार्डाचे काम वाहतूक, मतदान केंद्र, विसर्जन मिरवणूक, शिगमो आणि सेंट फ्रान्सिस झेवियरच्या शवप्रदर्शनाची गर्दी या पट्ट्यातले.

खरा फरक मला दिसतो तो पोटापाण्याच्या बाजूला. टीएचा अधिकारी व्हायचे तर पदवी हवी, वय १८ ते ४२ हवे, आणि मुख्य अट म्हणजे हाताला आधीच रोजगार हवा. नोकरी नाही म्हणून टीएत जाता येत नाही, निदान कागदावर तरी. होमगार्डातही कल्पना अशीच होती: डॉक्टर, वकील, शिक्षक, दुकानदार सवडीने येतील, रोजचा भत्ता घेतील, परत जातील. प्रत्यक्षात वर्षानुवर्षे रोज ड्यूटी करून त्याच भत्त्यावर घर चालवणारी माणसे तयार झाली. ती कायम करा म्हणतात, सरकार म्हणते तुम्ही स्वयंसेवक. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हिमाचलच्या होमगार्डांच्या प्रकरणात दोन्ही बाजूंना थोडे थोडे दिले: कायम करता येणार नाही, पण ३० दिवसांचा भत्ता पोलिसाच्या किमान वेतनाइतका भरला पाहिजे. माझ्या मते ‘स्वयंसेवा’ हा शब्द इथे सरकारच्याच सोयीचा झाला आहे. आणि टीएही यातून पूर्ण सुटलेली नाही. जवानांच्या भरतीला लोटणारी गर्दी नोकरदार हौशी लोकांची नसते.

टीए म्हणजे धोनी, कपिलदेव यांची मानाची वर्दी, असाही एक समज आहे. धोनीला २०११ मध्ये लेफ्टनंट कर्नल हा मानद हुद्दा मिळाला, खरे. पण पलटणी मानद लोकांवर चालत नाहीत. रेल्वेच्या, तेल कंपन्यांच्या टीए तुकड्या आहेत. १९८२ मध्ये डेहराडूनला माजी सैनिकांची पर्यावरण बटालियन उभी राहिली आणि चुनखडीच्या खाणींनी सोललेल्या मसुरीच्या डोंगरांवर तिने झाडे लावली. आमच्या डिचोली-सत्तरीच्या खाणपट्ट्यातले मातीचे ढिगारे पाहिले की अशी एक पलटण इकडे का नको, असे हटकून वाटते.

भाच्याला शेवटी सांगितले ते असे. होमगार्डासाठी पणजीतच चौकशी कर. टीएचा जवान व्हायचे तर घाट चढून कोल्हापूर किंवा बेळगावचा मेळावा गाठावा लागेल. अधिकारी व्हायचे तर लेखी परीक्षा, मुलाखत आणि एसएसबी, म्हणजे सैन्याच्या निवड मंडळाची चाचणी. तू सरकारी नोकर, तेव्हा खात्याचे ना हरकत पत्र आधी काढ. सेवेतून परत आल्यावर जुनी नोकरी मिळण्याची तरतूद टीएच्या कायद्यात आहे, पण साहेबाला ती माहीत असेलच असे नाही.