अक्षरजुळणी

दिलेल्या मोजक्या अक्षरांतून ठरावीक लांबीचे अर्थपूर्ण शब्द शोधण्याचा भाषिक खेळ. त्याला वहीचे मागचे पान पुरते, तेही नसले तरी चालते. शाळेत तो ‘अक्षरांपासून शब्द तयार करा’ या रूपात भेटतो. बुद्धिमत्ता चाचणीच्या प्रश्नांत विस्कटलेली अक्षरे जुळवून बनणाऱ्या शब्दाचे मधले अक्षर विचारतात. वृत्तपत्रातल्या शब्दकोड्यात आडव्या-उभ्या घरांची संख्या हीच लांबीची अट असते.

मराठीत ही लांबी अक्षरांवर मोजतात. सुटा स्वर, काना-मात्रा-वेलांटी-उकार-अनुस्वार घेतलेले व्यंजन किंवा पुरे जोडाक्षर, प्रत्येकाला एकच घर. सोलापूर जिल्ह्यातील 11 तालुक्यांची नावे उदाहरणांसाठी फार सोयीची आहेत. माढा दोन अक्षरी, सांगोला तीन अक्षरी, करमाळा चार अक्षरी, पंढरपूर पाच अक्षरी. बार्शी मात्र ऐकायला लांब वाटली तरी दोनच अक्षरांची. तिच्यातला र रफार होऊन ‘शी’च्या डोक्यावर बसतो, त्याला वेगळे घर मिळत नाही.

खेळाचा खरा प्रश्न पुढे येतो: अक्षर वापरताना त्याची मात्रा, म्हणजे काना, वेलांटी, उकार असे स्वरचिन्ह, बदलता येते का? कडक नियमात येत नाही, सैल नियमात येते. हे आधी ठरले नसेल तर भांडण अटळ. मंगळवेढा घ्या. कडक नियमाने मं, ग, ळ, वे, ढा यांतून दोन अक्षरी वेढा, वेळ, वेग, गळ निघतात आणि तीन अक्षरी म्हणून मंगळ हाताला लागतो. सैल नियमाने त्याच व्यंजनांतून गवळी, वेगळा, मावळा, मागोवा असे शब्द भराभर येतात. गाढवही येते, त्याला मंगळवेढेकरांनी हरकत घेऊ नये. करमाळ्यातून कडक नियमाने माळा, कळा, रमा. कमळ हवे असेल तर मात्रा सोडाव्या लागतात. अक्कलकोटची गंमत अशी, की कडक नियम पाळूनही त्यातून अक्कल आणि टक्कल दोन्ही निघतात.

दोन नियमांतले अंतर आकड्यांत मांडले की डोळे फिरतात. पाच वेगळ्या अक्षरांतून तीन अक्षरी मांडण्या 60 होतात. प्रत्येक व्यंजनाला बाराखडीतली 12 रूपे घ्यायची मुभा दिली, तर त्याच मांडण्या 1,03,680 वर जातात. एवढ्या कोणी तपासत बसत नाही. सरावलेला खेळाडू भाषेच्या सवयींवर चालतो. मराठी शब्द ळ ने सुरू होत नाही, म्हणून मंगळवेढ्याच्या 60 पैकी 12 मांडण्या पाहताक्षणी बाद. ‘अक्कलकोट’मधल्या ‘अ’सारखा सुटा अ बहुधा शब्दाच्या तोंडीच असतो, तेव्हा तो आधी पहिल्या घरात ठेवून पाहावा.

शुद्धलेखनाच्या नियमांचा या खेळाशी थेट संबंध आहे. सोलापूर लिहिताना पू दीर्घ, पण सोलापुरी चादर किंवा सोलापुरात लिहिताना पु ह्रस्व. त्यामुळे कडक नियमात सोलापूरच्या पू वर ‘पूर’ बनतो, ‘पुरी’ बनत नाही. रीची सोय असती तरी नाही. लहान मुलांसोबत खेळताना ह्रस्व-दीर्घ माफ करावे, मोठ्यांना करू नये.

सोलापूर शहरात मराठीच्या बरोबरीने कन्नड, तेलुगू आणि उर्दू नांदतात, आणि घरची भाषा एक, शाळेची दुसरी, हे इथे नवल नाही. मराठीतल्या बाराखडीला कन्नडात कागुणित आणि तेलुगूत गुणिंतम आहे, म्हणून अक्षर मोजण्याची रीत या दोन्ही भाषांत जवळपास तशीच चालते. कन्नडात शहराचे नाव सोल्लापुर असे लिहितात. ल्ल जोडाक्षर असूनही घरे चारच. तेलुगूत ते सोलापूर् असे पाय मोडलेल्या र् ने संपते, आणि त्या र् ला घर द्यायचे की नाही, हे खेळणाऱ्यांनी आपसात ठरवावे लागते. उर्दूचे गणित वेगळे. तिथे एकेक हर्फ, म्हणजे लिपीतले सुटे अक्षर, मोजतात आणि ह्रस्व स्वर सहसा लिहिले जात नाहीत. त्यामुळे उर्दूतला खेळ मुळातच थोडा सैल असतो.

संगणकाला हा खेळ शिकवताना पहिली अडचण मोजणीचीच येते. युनिकोड या लिपीचिन्हांना संगणकी संकेत देणाऱ्या पद्धतीत व्यंजन, मात्रा आणि हलन्त (पाय मोडल्याची खूण) यांना स्वतंत्र संकेत असल्याने आपण चार अक्षरी म्हणतो तो सोलापूर यंत्राला सात संकेतांचा दिसतो, तर पाच अक्षरी अक्कलकोट आठांचा. जोडाक्षर मधोमध न तोडता देवनागरी मजकुराचे तुकडे पाडण्याचा नियम युनिकोडच्या 15.1 या आवृत्तीत, 2023 साली आला. तुकडे नीट पडले की पुढचे काम सोपे असते. कोशातल्या प्रत्येक शब्दाची अक्षरे वर्णक्रमाने लावून ठेवायची, आणि दिलेल्या अक्षरांतून हव्या त्या लांबीचे जे गट पडतील तेही तसेच लावून ताडून पाहायचे. मकर, कमर आणि करम अशा रीतीने एकाच खणात सापडतात. सैल नियमासाठी लावण्याआधी मात्रा काढून टाकतात, आणि तेव्हा त्या खणात मोकार आणि कुमारसुद्धा येऊन पडतात.