नखवाल्या बेडकाचा जीनोम ‘आपोआप’ दुप्पट झाला नाही

नागपुरात बीएस्सी प्राणिशास्त्राच्या झेरॉक्स नोट्समधून एक वाक्य वर्षानुवर्षं फिरतंय: आफ्रिकेतल्या नखवाल्या बेडकाची (झेनोपस लेव्हिस) गुणसूत्रं आपोआप दुप्पट झाली आणि जादा प्रती निकामी होऊन गेल्या. दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

हा बेडूक दोन वेगळ्या प्रजातींच्या संकरातून आला. त्यांचे जीनोम (म्हणजे संपूर्ण डीएनए-संच) एकत्र आले सुमारे १.७ ते १.८ कोटी वर्षांपूर्वी. त्याच्या गुणसूत्रांच्या १८ जोड्यांपैकी नऊ ‘एल’ (लाँग, लांब) एका पूर्वज प्रजातीच्या, नऊ ‘एस’ (शॉर्ट, आखूड) दुसरीच्या. जागा बदलणाऱ्या काही डीएनए-तुकड्यांचे अवशेष फक्त एस गुणसूत्रांवरच सापडतात. एकाच पूर्वजाची नुसती दुप्पट झाली असती, तर ते दोन्हीकडे दिसले असते.

२०१६ साली जीनोम प्रसिद्ध झाला, तेव्हा निम्म्याहून जास्त जनुकांच्या दोन्ही प्रती शाबूत निघाल्या. गळतीही समसमान नव्हती: एस बाजूची जनुकं जास्त गेली, तिथली मोडतोडही जास्त. डीएनए-दुरुस्तीची जनुकं बहुधा एकेरी उरली, इतर जनुकांवर ताबा ठेवणारी मात्र जोडीने टिकली.

प्रोजेक्ट करणाऱ्यांनो, इथेच फसगत होते. नुसती एल प्रत बंद केली तर एस प्रत काम सांभाळू शकते, परिणाम दिसत नाही आणि ‘जनुक बिनमहत्त्वाचं’ असा निष्कर्ष निघतो. आधी दोन्ही प्रतींचे क्रम शेजारी मांडा. एकच प्रत मोजायची असेल तर प्रायमरचं (पीसीआर सुरू करणाऱ्या छोट्या डीएनए-तुकड्याचं) ३' टोक, म्हणजे जिथून नवी प्रत वाढते ते, फरकाच्या अक्षरावर ठेवा. दोन्ही बंद करायच्या असतील तर क्रिस्परचा (जनुक कापून बंद करायच्या तंत्राचा) गाइड, म्हणजे कुठे कापायचं ते दाखवणारा आरएनए, तंतोतंत सारख्या भागातून निवडा. हा व्याप नको असेल तर गुणसूत्रांच्या दहा जोड्यांचा, द्विगुणित (म्हणजे एकच जोडसंच असलेला, दुप्पट न झालेला) नातेवाईक बेडूक झेनोपस ट्रॉपिकॅलिस घ्या.